सुराच्या जागी श्वास

सूर आला नाही. ज्योत्स्नानं नेहमीसारखी मान किंचित वर केली, खालच्या सुरावर पाय रोवला आणि तिथून झेप घेतली, तेव्हा तोंड उघडं होतं, छाती भरलेली होती, ओठांचा आकारसुद्धा बरोबर होता. पण बाहेर आली ती नुसती हवा. आरसा पुसण्याआधी त्याच्यावर फुंकर मारावी तेवढी. पुढचा सूर पुन्हा नीट लागला, त्याच्या पुढचेही लागले आणि ओळ संपली. सगळं इतक्या पटकन झालं की कीबोर्डवरचा तिचा हात थांबलाही नाही. इंदिरानगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पंखा फिरत होता, खाली कुणीतरी स्कूटर पुन्हा पुन्हा किक मारून सुरू करायला बघत होतं. समोर वेदिका डोळे मिटून उभी होती. ही मुलगी ऐकताना नेहमीच डोळे मिटते. तिनं मान डोलावली, श्वास घेतला आणि तीच ओळ म्हटली. खालचा सूर, झेप, आणि झेपेच्या टोकाला नुसती हवा. तेवढीच, तितक्याच लांबीची. पुढचे सूर स्वच्छ. मग डोळे उघडून तिनं विचारलं, "असंच ना, मॅम?"

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. "असंच."

हे आपण का म्हणालो, ते तिला कळलं नाही. नाही म्हटलं असतं तर पुन्हा म्हणून दाखवावं लागलं असतं, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. वेदिका खूश झाली. "मला वाटलंच. मागच्या वेळी तुम्ही तिथं पूर्ण सूर लावला होता, पण हे जास्त भारी आहे. म्हणजे गाण्यातली बाई तिथं बोलतच नाही, असं काहीतरी," असं म्हणत तिनं सॅक पाठीला लावली. गाणं ज्योत्स्नाचंच होतं, तिनं स्वतः बांधलेलं, संथ, मध्ये शब्दच नसलेलं. चेन्नईच्या एका संगीतशाळेत प्रवेशासाठी वेदिका तेच पाठवणार होती. रेकॉर्डिंग रविवारी, लासलगावला, घरी. रविवारी तिथले कांद्याचे लिलाव बंद असतात, ट्रॅक्टर नसतात, शांत असतं. दारातून ती वळून म्हणाली, "शनिवारी तुमच्या कार्यक्रमाला पण येते मी, मॅम. समोर बसून ऐकते." दार लागलं. ज्योत्स्ना दाराला पाठ लावून उभी राहिली आणि अगदी हळू, शेजाऱ्यांनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिनं तो सूर लावून पाहिला. लागला. पुन्हा लावला. हवा. तिसऱ्यांदा लागला, पण काठावर फाटल्यासारखा.

त्या मंगळवारी रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती एकसारखी घसा तपासत राहिली. जिभेनं पडलेल्या दाताची जागा चाचपावी तशी. दूध तापवताना गुणगुणली, भाजी चिरताना गुणगुणली, रिक्षात तोंड बाहेर करून वाऱ्यात गुणगुणली. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं तेव्हा खोकल्यासारखं केलं. सूर कधी यायचा, कधी नाही, आणि त्यात काही नियमच नव्हता. नियम असता तर ती त्याच्याशी भांडली असती. सकाळी थंडीनं झालं असेल, ती स्वतःला सांगायची; द्राक्षाचा हंगाम, हवेत फवारणीचा वास, निम्म्या नाशिकचे घसे बसलेत. मग दुपारी ऊन असतानाही तेच. गरम पाणी, ज्येष्ठमध, वाफ. घशाच्या डॉक्टरांचा नंबर तिनं काढला आणि फोन उलटा करून ठेवला. डॉक्टरांकडे गेलं की त्याला नाव मिळणार, आणि एकदा नाव मिळालं की ते आपलं होणार, घरात राहायला येणार. तिला मुंबईच्या हॉटेलातल्या आंटी आठवत होत्या. आठवायच्या नव्हत्या तरी येत होत्या. ज्योत्स्ना वीस-बाविशीची असताना त्या हॉटेलात कोरसला उभी राहायची आणि आंटी मधोमध, हिरव्या साडीत, माईकला हात न लावता गायच्या. सगळे त्यांना आंटीच म्हणायचे. श्वास कुठं घ्यायचा, ताल पुढं पळत असताना आपण मागं कसं रेंगाळायचं, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. "घाई बँडला करू दे, तू नवरी आहेस, तू सावकाश ये," त्या म्हणायच्या. एका संध्याकाळी आंटींनी गाणं सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबून हसल्या. खूप हसल्या. लोकही हसले. त्या हसतच खाली उतरल्या आणि पुन्हा कधी त्या हॉटेलात आल्या नाहीत. तेव्हा ज्योत्स्नाला वाटलं होतं, बाई किती मजेशीर आहेत. आता इतक्या वर्षांनी, सिंकपाशी उभी राहून, तिला ते हसणं पहिल्यांदा ऐकू आलं आणि तिनं नळ मोठा सोडला.

कळवणहून आईचा फोन आला, तो तिनं घेतला नाही. आईपासून, मालनबाईंपासून, काही लपत नाही. पस्तीस वर्षं शेतात हाका मारून मारून त्यांचा आवाज असा झाला होता की फोन कानापासून लांब धरावा लागे. लेक हॉटेलात इंग्रजी गाणी म्हणते, हे त्यांनी गावात कसं निभावलं, ते त्यांनाच ठाऊक. वडील असताना एकदाच तिनं घरी गाऊन दाखवलं होतं, ओट्यावर, शब्द नसलेलं, नुसतं दा-बा-दू असं. वडील बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "पोरी, याचे शब्द हरवले का?" सगळे हसले होते, तीही. पण शब्द हरवले तरी चालतं, सूर असला की झालं, असं तिला तेव्हा ठामपणे वाटलं होतं, आणि त्या ठामपणावरच तिनं सगळं आयुष्य उभं केलं होतं. लग्न केलं नाही, मुंबईत राहिली, दुबईला गेली, जहाजावर गायली; मग कामं कमी झाली तशी नाशिकला परतली. इथं गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांमध्ये वाइनची रिसॉर्टं झाली होती, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं यायची, त्यांना गाणारी बाई हवी असायची. आठवडाभर मुली शिकायला यायच्या. याला आपण गाणं म्हणतो, लोकही म्हणतात. सूर काढून घेतला तर मागं काय उरतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. बंद खोलीच्या दारावरून माणसानं वर्षानुवर्षं जावं-यावं, तसं.

गुरुवारी रोहितकडे सराव होता. रोहित तिच्याबरोबर पियानो वाजवायचा. कॉलेज रोडवरच्या त्याच्या गच्चीतल्या खोलीत त्याचा जुना इलेक्ट्रिक पियानो होता. पोरगा तिशीतला, कमी बोलणारा, बोटं मात्र चांभाराच्या आरीसारखी नेमकी. पहिली तीन गाणी ठीक गेली. ते संथ गाणं आलं. झेपेच्या आधी तिनं मुद्दाम माईकपासून तोंड जरा बाजूला घेतलं. रोहितनं वाजवणं थांबवलं नाही, पण पुढच्या वेळी तीच ओळ आली तेव्हा त्यानं तो सूर पियानोवर हळूच तिच्याखाली ठेवला. पडणाऱ्या माणसाच्या कोपराला हात लावावा तसा. तिला अंगभर शरम वाटली.

"तो सूर तू कशाला वाजवलास?"

"असंच, ताई. बरं वाटतं तिथं." मग थोड्या वेळानं, पट्ट्यांकडेच बघत तो म्हणाला, "शनिवारी एक सूर खाली घ्यायचं का सगळं? थंडी आहे. उघड्यावर आहे."

"माझी पट्टी मला ठरवू दे, रोहित."

"हो ताई. तुमचंच गाणं आहे."

जिना उतरताना तिला वाटलं, त्याला कळलंय. मग वाटलं, कळलं नसेल, तो खरंच थंडीचंच म्हणाला असेल. आणि कळलं असेल तर कधीपासून? आपल्याला मंगळवारी कळलं. त्याआधी किती शनिवार रोहित गुपचूप हात देत होता? तिनं रस्त्यातच मागचे कार्यक्रम आठवायला सुरुवात केली, आणि प्रत्येक गाण्यात तिला एकेक भोक दिसू लागलं. खरं की आत्ता पडलेलं, कळेना.

शुक्रवारी वेदिकाला सांगायचं, असं तिनं ठरवलं. वाक्यही तयार केलं: तिथं सूर आहे, मंगळवारी माझा लागला नाही, तू लाव. एवढंच. पण शुक्रवारी वेदिकाबरोबर तिचे वडील आले. गोरक्ष, लासलगावला कांद्याचे व्यापारी, अंगानं आडवा माणूस, खुर्चीत बसताना खुर्चीला विचारून बसल्यासारखा. "मी गाडीतच थांबत होतो मॅडम, पण ही म्हणे या वर," ते म्हणाले आणि रुमालानं मान पुसत बसून राहिले. वेदिका गायली. तीन दिवसांत तिनं ती हवा घोटून घोटून पक्की केली होती. आता ती नुसती फुंकर राहिली नव्हती, तिला वळण आलं होतं, आधीचा सूर तिच्याकडे झुकत होता, नंतरचा तिच्यातून उठत होता. ते सुंदर होतं. ज्योत्स्ना घाबरली ती त्यालाच. गोरक्षांनी रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला यातलं काय कळत नाय मॅडम. पण डोळे मिटले ना, तर तुम्हीच गाताय असं वाटतं. डिट्टो." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ज्योत्स्नाही हसली, आणि तयार केलेलं वाक्य आतच राहिलं. आपल्या घशातलं दुखणं एका धडधाकट मुलीच्या घशात आपण ठेवलं, ती ते जपून घरी नेतेय, आणि तिचा बाप आपले आभार मानतोय, हे तिला जिन्यावरून त्या दोघांची पावलं उतरत असताना दिसत होतं. खिडकीतून हाक मारता आली असती. गाडी वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती.

शनिवारी संध्याकाळी धरणावरून गार वारा येत होता. वेलींच्या रांगांवर दिव्यांच्या माळा, लोकांच्या खांद्यांवर शाली, ग्लासांचा किणकिणाट. वेदिका खरंच समोर बसली होती, मावशीला घेऊन. ज्योत्स्ना पहिली गाणी सावधपणे गायली, उंच जागा टाळत, आणि टाळतोय हे लपवत. ते संथ गाणं तिनं वगळायचं ठरवलं होतं. पण वेदिकानं हात वर करून टाळ्या वाजवल्या, रोहितनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिची मान होकारात हलून गेली. या वेळी नुसता एक सूर गेला नाही. झेप घेतली आणि त्या सुरापासून पुढं काहीच नव्हतं. आवाज म्हणजे पायाखालची फळी, ती नाहीच. तोंड उघडं, समोर अंधारात चेहरे, कानात वारा. रोहित वाजवत राहिला, सावकाश, तीच दोन पानं पुन्हा पुन्हा उलटावीत तसा. किती वेळ गेला, कोण जाणे. मग खालच्या सुरांमध्ये आवाज परत आला, खरखरीत, आणि तिनं शेवटचे शब्द जवळजवळ बोलूनच संपवले. टाळ्या पडल्या. आधीच्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त. पुण्याची एक बाई स्टेजजवळ आली, डोळे ओले, तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही तिथं थांबलात ना, त्यानं काटा आला हो अंगावर. कसं सुचतं तुम्हाला?"

ज्योत्स्ना थँक्यू म्हणाली. परत येताना ती रोहितच्या गाडीत बसली. सूर गेला याची भीती आता मागं पडली होती. तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती. कुणाला कळत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. आपण असंच फुटत जाऊ, लोक टाळ्या वाजवत राहतील, मुली ते शिकून घेतील. आपल्याशिवाय खरं काय ते माहीत असलेला या जगात बहुतेक एकच माणूस आहे, आणि तो शेजारी गाडी चालवतोय.

घरापाशी गाडी थांबली. "रोहित," ती म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "दिवाळीच्या आसपास, ताई."

"बोलला का नाहीस?"

"तुम्ही माझ्याशी तेवढं बोलत नाही."

ते खरं होतं.

रविवारी सकाळी ती लासलगावला निघाली. निफाडच्या पुढं रस्त्याच्या कडेला कांद्याची टरफलं वाऱ्यानं लोळत होती, पातळ, गुलाबी. कांदा मार्केट बंद होतं, एरवी ट्रॅक्टरांची रांग लागते तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. गोरक्षांचं घर बाजार समितीच्या मागच्या गल्लीत, दुमजली. अंगणात वेदिकाची आई, पूजा, वाल निवडत बसली होती. तिनं पदर सावरला, "अगबाई, मॅडम तुम्ही! कळवलं असतं तर—" म्हणून उठू लागली. ज्योत्स्नानं तिला बसवलं आणि वर गेली. वरच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या, मोबाईल स्टँडवर होता, वेदिका केस विंचरत होती.

"वेदिका, त्या जागी सूर आहे," ज्योत्स्ना उभ्या-उभ्याच म्हणाली. "मंगळवारी माझा लागला नाही. माझा आवाज बिघडलाय. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

वेदिकानं कंगवा खाली ठेवला. तिला आधी कळलंच नसावं. मग तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. "म्हणजे काल पण?"

"काल पण."

"मी रडले मॅम काल. मावशीला म्हटलं, असं गाता आलं पाहिजे." ती थांबली. "मी आठवडाभर तेच केलंय. झोपताना पण तेच. शुक्रवारी पप्पा होते म्हणून नाही सांगितलं? मग रात्री फोन करायचा ना! आज दुपारी पाठवायचंय मला." तिचा आवाज चिरका झाला.  खाली पूजाच्या बांगड्या वाजत होत्या. मग वेदिका भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ठीक आहे. लावते मी." तिनं लावला. हवा आली. पुन्हा लावला, हवा. तिनं घाबरून वळून पाहिलं. "येत नाहीये. मॅम, तिथं आलं की आपोआप सुटतोय. तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना."

यालाच ती आठवडाभर घाबरत होती. "मला येणार नाही," ती म्हणाली, आणि हे वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर खोलीत काहीच कोसळलं नाही. खिडकीला लावलेली गोधडी तशीच होती, स्टँडवरचा मोबाईल तसाच. तिनं कोपऱ्यातल्या वेदिकाच्या कीबोर्डवर तो सूर वाजवून पाहिला. पण कीबोर्डला श्वास नसतो, तो कुठून उचलायचा हे त्याला काय सांगता येणार. ती विचार करत राहिली. मग पुढं झाली आणि एका खिडकीची गोधडी काढली. "खाली आईला हाक मार."

"काय?"

"शेतातून मारतात तशी. नुसतं आई म्हण. लांबव."

वेदिकानं रागानंच हाक मारली. "आई!" खालून उत्तर आलं, "काय गं?" ज्योत्स्नानं कीबोर्डवर बोट ठेवलं, हाक त्या सुराच्या जरा खाली होती. "अजून लांब आहे आई. मळ्यात आहे." "आईऽ!" "अगं काय आहे? वर येऊ का?" ज्योत्स्ना म्हणाली, "बोलू नकोस तिच्याशी. पुन्हा." "आईऽऽ!" आता हाक बरोबर त्या सुरावर बसली, भरीव, काठोकाठ. "तशीच राहा," ज्योत्स्ना म्हणाली, तिच्या पाठीवर बरगड्यांखाली पंजा ठेवून, "आता ई सोड, आ ठेव. खालच्या सुरावरून ये." आणि वेदिका आली. झेप घेतली आणि सूर लागला, पूर्ण, उजेडासारखा, ज्योत्स्नाच्या तळहातात थरथरत. खाली पूजा कुणाला तरी म्हणत होती, "या पोरीला वेड लागलंय आज." ज्योत्स्नाला आनंद व्हायला हवा होता. आधी वाटला तो हेवा. अगदी साधा, दुसऱ्याच्या ताटात बघावं तसा. तो सूर एके काळी असाच तिच्या बरगड्यांत उभा राहायचा, आणि आता तो तिच्या हाताच्या पलीकडे होता, दुसऱ्याच्या हाडांत. तिनं हात काढला नाही. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा लागला. दुपारपर्यंत त्या दोघी त्या खोलीत होत्या. निघताना वेदिका खाली सोडायला आली नाही. पूजानं वालाची पिशवी हातात दिली.

त्याच आठवड्यात ती घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवलं: स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एकीच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटा. "काढता येईल," त्या म्हणाल्या. "पण आवाज पूर्वीसारखाच येईल, असं मी सांगणार नाही. आणि नंतर काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. गुणगुणायचंही नाही." ज्योत्स्नाला वाटलं होतं, हे ऐकून आपण खचू. ती फक्त दमली. आंटींना हे कुणी दाखवलं होतं का, असं काहीसं मनात आलं.

शस्त्रक्रियेनंतर घरात अशी शांतता आली की फ्रिज सुरू झाला तरी ती दचकायची. रोज संध्याकाळी रोहित यायचा, मुलींना सूर वाजवून द्यायचा, आणि ती हातांनी, भुवयांनी, पाठीवर थाप देऊन शिकवायची. दोन मुली सोडून गेल्या, बाकीच्या राहिल्या. वेदिका पंधरवडाभर आली नाही. मग एका मंगळवारी आली, नेहमीच्या जागी उभी राहिली आणि सराव सुरू केला. चेन्नईचं उत्तर अजून आलं नव्हतं. ज्योत्स्नानं विचारलंही नाही; विचारता येत नव्हतं. ज्योत्स्नानं भावाला मेसेज केला होता, त्यानं मालनबाईंना सगळं सांगितलं होतं. त्या रोज फोन करायच्या, आपल्या अहिराणीत. "तू नको बोलू, मी बोलस. ऐकी ऱ्हायनी ना? मंग फोनवर टिचकी मार." ज्योत्स्ना नखानं टिचकी मारायची. मग मालनबाई गावातलं लग्न, डाळिंबावरचा रोग, म्हशीचं पारडू, सगळं सांगत राहायच्या, मध्येच थांबून "शेस ना?", आहेस ना, असं विचारायच्या, आणि ती टिचकी मारायची. इतक्या वर्षांत त्या दोघी एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

त्या दिवसांत भीती गेली, असं नाही. तिची जागा फक्त बदलली. आवाज कसा असेल, हा विचार सकाळी डोळे उघडण्याआधी हजर असायचा. कधी स्वप्नात ती गायची आणि घाबरून जागी व्हायची: झोपेत खरंच आवाज केला का? उशीवर कान ठेवून पडून राहायची, जणू उशीनं ऐकलं असेल.

शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. त्याच खुर्चीत बसवलं, नळी घातली, पडद्यावर पाहिलं. "छान भरलंय," त्या म्हणाल्या. "आता हळूच. जोर नको. आ म्हणा."  बाहेर रोहित बसला होता. दाराच्या काचेतून त्याचा खांदा दिसत होता. तिनं श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. डॉक्टर वाट पाहत होत्या, त्यांना घाई नव्हती. मग तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला. खाली, तिच्या कुठल्याच ओळखीच्या सुराखाली, जाडसर, थोडा वाळू मिसळल्यासारखा. डळमळला, आणि मग एका जागी थांबला. तिचा नव्हता. "पुन्हा," डॉक्टर म्हणाल्या. तिनं पुन्हा म्हटलं आणि या वेळी, सवयीनं, ती दारात उभ्या असलेल्या नवख्या मुलीला ऐकावं तशी ऐकू लागली: श्वास लवकर संपतोय, खांदे वर जाताहेत, वरचं काही नाही, खालचं चांगलं आहे, खालचं बरंच चांगलं आहे. असा आवाज घेऊन कुणी शिकायला आलं असतं, तर तिनं ठेवून घेतलं असतं.